रहीमसाहेबांनंतर कोण?

आपल्या बिदर-कलबुर्गी भागात एक प्रश्न बाराही महिने चर्चेत असतो. 'पुढचा कोण?' जिल्हाधिकाऱ्यांची बदली व्हायची असो, शाळेचे मुख्याध्यापक निवृत्त व्हायचे असोत, की एखाद्या मठाच्या गादीचा प्रश्न असो. निर्णय होण्यापूर्वी चार-सहा महिने चहाच्या हॉटेलातील बाकांवर नावे ठरलेली असतात. नोकरीच्या निमित्ताने या दोन्ही जिल्ह्यांत माझे पुष्कळ हिंडणे झाले. माझ्या स्वतःच्या बदलीची बातमी सरकारी हुकमाच्या आधी मला कचेरीसमोरच्या पानवाल्याने सांगितली आहे, आणि तीही एकदा नव्हे. म्हणून अशा तर्कवितर्कांना मी हसत नाही. ज्या जागेविषयी लोकांना आस्था असते, त्याच जागेविषयी ते तर्क करीत बसतात.

ही हौस केवळ आपल्याकडचीच आहे असेही नाही. अमेरिकेत विद्यापीठांचे संघ जो फुटबॉल खेळतात (हा खेळ निराळा, त्यात लांबट चेंडू हाती घेऊन पळतात), त्याच्या मुख्य प्रशिक्षकाची जागा रिकामी झाली की सारे राज्य त्याच विषयावर बोलू लागते. तिकडच्या अनेक राज्यांत सरकारी तिजोरीतून सर्वाधिक पगार घेणारा माणूस राज्यपाल किंवा न्यायाधीश नसून विद्यापीठाचा असा प्रशिक्षक असतो, हे वाचून माझ्यासारख्या निवृत्त कर्मचाऱ्याने कपाळाला हात लावला. जानेवारी २०२४ मध्ये अलाबामा विद्यापीठाचे प्रशिक्षक निक सेबन सतरा वर्षांच्या कारकिर्दीनंतर निवृत्त झाले. दोनच दिवसांत त्यांच्या जागी बाहेरच्या विद्यापीठातून नवा माणूस नेमला गेला. पण त्या दोन दिवसांत किती नावांचा ऊहापोह झाला असेल, त्याची कल्पनाच केलेली बरी.

प्रस्तुत लेखात अशाच एका प्रश्नाची हकीकत सांगावयाची आहे. तो प्रश्न साठेक वर्षांपूर्वी हैदराबादेत विचारला गेला आणि आपल्या काही घरांतूनही त्याचे पडसाद उमटले. तो होता, 'रहीमसाहेबांनंतर कोण?'

बिदर-गुलबर्ग्याच्या मराठी मंडळींचा हैदराबादच्या फुटबॉलशी काय संबंध, असे तरुण वाचक विचारतील. त्यांच्यासाठी थोडा इतिहास सांगतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे विभाजन झाले. मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात गेले, गुलबर्गा-रायचूर आणि बिदरचा मोठा भाग म्हैसूर राज्यात आला. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके बिदरपासून तुटून महाराष्ट्राच्या बाजूला गेले आणि अनेक सोयरिकींच्या मधून राज्याची हद्द गेली. त्यापूर्वी मात्र आपल्या वाडवडिलांची राजधानी हैदराबादच होती. घरात मराठी, बाजारात कन्नड आणि कचेरीत उर्दू अशा तिन्ही भाषा सांभाळून ही मंडळी जगत होती. मुलगा हुशार निघाला की त्याला हैदराबादला धाडायचे, हा अनेक घरांचा शिरस्ता होता. १९१८ साली स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठ हेच त्यांचे काशीक्षेत्र.

माझे थोरले मामा असेच भालकीहून हैदराबादला शिकावयास गेले, आणि पुढे नोकरीही तिथेच धरली. दिवाळीला बिदरच्या गाडीने ते गावी येत, तेव्हा त्यांच्या ट्रंकेत आम्हा मुलांसाठी बिस्किटे आणि तोंडी फुटबॉलच्या गोष्टी असत. हैदराबादहून मुंबईला जाणारी आगगाडीची वाट वाडी, गुलबर्गा, सोलापूर अशी आपल्याच मुलुखातून जाते. 'पोलिसांचा संघ रोव्हर्स जिंकून याच वाटेने परत आला,' असे मामा सांगत, तेव्हा आपणही त्या विजयात कोठेतरी आहोत असे आम्हाला वाटे.

हा 'पोलिसांचा संघ' म्हणजे हैदराबाद सिटी पोलीस. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे या संघाने मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला. ही स्पर्धा १८९१ साली सुरू झालेली, देशातील जुन्या आणि मानाच्या स्पर्धांपैकी एक. १९५० सालीच दिल्लीच्या ड्युरँड स्पर्धेत त्यांनी कलकत्त्याच्या मोहन बागानला हरविले. कलकत्त्याचे संघ म्हणजे फुटबॉलचे सर्वस्व, असे मानण्याच्या त्या काळात दक्षिणेतील एका पोलीस दलाचा संघ वर्षानुवर्षे त्यांना नमवीत होता. या संघाचे प्रशिक्षक होते सय्यद अब्दुल रहीम.

रहीमसाहेबांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ रोजी हैदराबादेत झाला. उस्मानियाचे ते पदवीधर, आणि पेशाने शिक्षक. हैदराबादच्या काचीगुडा, चादरघाट इत्यादी शाळांतून त्यांनी अध्यापन केले आणि शारीरिक शिक्षणाची पदविकाही मिळविली. १९४३ मध्ये ते हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे सचिव झाले आणि अखेरपर्यंत त्या पदावर राहिले. १९५० पासून पोलीस संघाचे प्रशिक्षकपद त्यांच्याकडे आले. शिवाय १९५१ च्या दिल्लीतील आशियाई स्पर्धेपासून भारतीय संघाची धुराही बहुतेक त्यांच्याच खांद्यावर होती. म्हणजे स्पर्धा भरविणारा, खेळाडू निवडणारा, शिकविणारा आणि सामन्यात डावपेच आखणारा माणूस एकच.

त्यांच्या कामाची पद्धत अस्सल शाळामास्तरांची होती. मुलांसाठी त्यांनी निरनिराळ्या स्पर्धा भरविल्या. एका स्पर्धेत चेंडू पायाशी घोळवीत नेण्याला मनाई, तो लगेच साथीदाराकडे द्यायचा. दुसरीत, ज्याचा जो पाय कमजोर त्यानेच त्याने चेंडू मारायचा. तिसरी, पाच फुटांहून कमी उंचीच्या मुलांपुरती. उजळणीशिवाय पाढे येत नाहीत, हे जाणणाऱ्या शिक्षकाच्याच डोक्यातून अशी कल्पना निघू शकते. चार बचावाला, दोन मध्ये आणि चार आघाडीला ही मांडणी १९५८ च्या विश्वचषकात ब्राझीलने जगाला दाखविली. रहीमसाहेबांनी तशी मांडणी आपल्या संघात त्याआधीच वापरली होती, असे जाणकार सांगतात.

फळ काय मिळाले, ते आकड्यांतच पाहावे. १९५१ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये मात्र युगोस्लाव्हियाकडून १०-१ असा दारुण पराभव. तेव्हा आपले अनेक खेळाडू अनवाणी खेळत होते. त्यातून धडा घेऊन चारच वर्षांनी, १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये, भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवून उपांत्य फेरी गाठली आणि चौथा क्रमांक मिळविला. मुंबईच्या नेव्हिल डिसोझांनी त्या सामन्यात तीन गोल केले. अझीझुद्दीन, नूर मोहम्मद, अहमद हुसेन, झुल्फिकारुद्दीन, पीटर थंगराज, तुलसीदास बलराम, ही सारी हैदराबाद-सिकंदराबादची मुले त्या संघात होती. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये फ्रान्सशी १-१ अशी बरोबरी झाली. आणि १९६२ मध्ये जकार्ता.

जकार्त्याची हकीकत मामा इतक्या वेळा सांगत, की ती मला पाठ झाली होती. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने आपल्याला २-० असे हरविले. पुढे थायलंड, जपान आणि दक्षिण व्हिएतनाम यांना हरवून अंतिम सामन्यात पुन्हा कोरियाशीच गाठ पडली. भारताच्या एका क्रीडाधिकाऱ्याच्या वक्तव्यावरून तेथील लोक चिडलेले. सारे मैदान आपल्या विरोधात. बचावपटू जर्नेलसिंग यांच्या डोक्याला जखम होऊन टाके पडलेले. रहीमसाहेबांनी त्यांना बचावाऐवजी आघाडीलाच खेळविले. ४ सप्टेंबर १९६२ रोजी भारताने तो सामना २-१ असा जिंकला. एक गोल पी. के. बॅनर्जींचा, दुसरा याच जर्नेलसिंगांचा.

जखमी बचावपटूला आघाडीला धाडण्याचे धाडस कोठून आले? जर्नेलसिंग पंजाबात महाविद्यालयाच्या संघात होते तेव्हा आघाडीला खेळत असत, हे रहीमसाहेबांना ठाऊक होते! आता विचार करा. ही माहिती कोणत्या फाइलीत होती? कोणत्या नोंदवहीत? ती एका माणसाच्या डोक्यात होती, आणि नेमकी त्या दिवशी तो माणूस मैदानाच्या कडेला बसलेला होता.

त्याच वेळी फुप्फुसाचा कर्करोग त्या माणसाला आतून पोखरीत होता. ११ जून १९६३ रोजी रहीमसाहेब वारले. वय अवघे ५३.

मी तेव्हा जेमतेम चार वर्षांचा होतो. पुढचे जे सांगतो ते मामांच्या तोंडून ऐकलेले. त्यांच्या खोलीवर संध्याकाळी मित्र जमत. बहुतेक आपल्याकडचेच, कोणी बिदरचा, कोणी आळंदचा, कोणी बसवकल्याणचा. त्या पावसाळ्यात महिना दीड महिना तेथे दुसरा विषयच नव्हता. एक पक्ष म्हणे, त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या एखाद्या जुन्या खेळाडूलाच नेमावे. घरची रीत घरातल्यालाच ठाऊक. दुसरा म्हणे, खेळाडू वेगळा आणि मास्तर वेगळा. दुसऱ्या प्रांतातून कोणी जाणता आणावा. तिसऱ्या पक्षाचे म्हणणे, आता काळ बदलला, परदेशी शिक्षकाशिवाय तरणोपाय नाही. रोज नवी नावे निघत, रोज खोडली जात. वाद इतके रंगत, की एकदा दोघा मित्रांनी आठवडाभर अबोला धरला. नेमणूक यांच्या हाती नव्हती, यांचे मत कोणी मागितले नव्हते. तरी प्रत्येकाला वाटे, योग्य नाव सापडले की सारे सुरळीत होईल.

घडले ते असे. १९६४ च्या आशिया चषकात हॅरी राइट या इंग्रज प्रशिक्षकाच्या मार्गदर्शनाखाली भारताने इस्रायलमध्ये उपविजेतेपद मिळविले. तिसरा पक्ष जिंकल्यासारखे झाले. १९६५-६६ मध्ये आंध्र प्रदेशाने संतोष करंडक जिंकला. पहिल्या पक्षाला हुरूप आला. पण ती पूर्वीची शिदोरी होती. तो करंडक आंध्रला त्यानंतर पुन्हा मिळाला नाही. १९६० नंतर भारताचा फुटबॉल संघ ऑलिंपिकला एकदाही पात्र ठरलेला नाही. १९७० च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत कांस्यपदक आले, प्रशिक्षकांमध्ये पी. के. बॅनर्जी, कर्णधार हैदराबादचे सय्यद नईमुद्दीन. दोघेही रहीमसाहेबांच्या परंपरेतले. पुरुषांच्या फुटबॉलमधील आशियाई स्पर्धेतील ते आपले शेवटचे पदक.

एक माणूस गेला म्हणून सारे बुडाले, असे म्हणणे मात्र इतिहासाला धरून होणार नाही. कारणे अनेक होती. हैदराबादचे चांगले खेळाडू पैशासाठी आणि नावासाठी कलकत्त्याच्या संघांकडे जात होते. बलराम तर रहीमसाहेबांच्या हयातीतच गेले. आपल्याकडे सामना सत्तर मिनिटांचा असे, बाहेरच्या जगात नव्वद मिनिटांचा. शेवटच्या वीस मिनिटांत आपल्या मुलांचे पाय जड होत. आणि आशियातील इतर देश स्वस्थ बसलेले नव्हते.

या शेवटच्या कारणाकडे मी वाचकांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो. जकार्त्यात आपण जपानला २-० असे हरविले. त्याच जपानने सहा वर्षांनी, १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये, कांस्यपदक मिळविले. हे कसे झाले? १९६० साली जपानने डेटमार क्रामर नावाच्या जर्मन शिक्षकाला बोलाविले होते. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर ते परत निघाले. आपल्यानंतर कोणाला नेमावे, एवढेच सांगून ते थांबले नाहीत. त्यांनी सूचना करून ठेवल्या. देशव्यापी लीग सुरू करा, प्रशिक्षकांना शिकविण्याची व्यवस्था करा, चांगली मैदाने तयार करा. १९६५ मध्ये जपानची लीग सुरूही झाली. मेक्सिकोत संघाचे प्रशिक्षक होते केन नागानुमा, म्हणजे त्यांचाच देशबांधव. क्रामर जागेवर नव्हते, पण काम चालू होते.

रहीमसाहेबांजवळ क्रामरपेक्षा काही कमी होते असे मला वाटत नाही. कमजोर पायाच्या स्पर्धा काढणारा माणूस पुढच्या पिढीचाच विचार करीत होता. परंतु सचिव तेच, प्रशिक्षक तेच, मुलांच्या स्पर्धांचे चालकही तेच. त्यांच्या शिष्यांनी आपापल्या कुवतीप्रमाणे त्यांची विद्या नेली. बॅनर्जींनी ती कलकत्त्याच्या मोठमोठ्या संघांत वापरली. नईमुद्दीन पुढे भारताचे प्रशिक्षक झाले आणि द्रोणाचार्य पुरस्काराचे मानकरीही ठरले. एकेका शिष्याने नाव काढले. परंतु हैदराबादेत ती सारी विद्या एका ठिकाणी राहील आणि नव्या माणसाच्या हाती जाईल, अशी जागा उरली नाही. मामांच्या खोलीवर जमणाऱ्या मंडळींनी शेकडो नावांचा काथ्याकूट केला. त्या नव्या माणसाच्या हाती काय द्यायचे, हे मात्र एकानेही विचारले नाही.

त्यांना दोष देण्याचा अधिकार मला नाही. त्याचे कारण माझ्याच नोकरीतले आहे.

१९९० नंतरच्या दशकात मी एका तालुक्याच्या कचेरीत पाणीटंचाईचे काम पाहत होतो. कोणत्या गावची विहीर होळीपर्यंत पुरते, कोणत्या गावचे बोअर अक्षय तृतीयेला आटते, कोणत्या तांड्याला जाताना टँकरला कोणता ओढा टाळावा लागतो, हे सारे मला तोंडपाठ होते. एका फेब्रुवारीत माझी बदली झाली. लोक येऊन विचारू लागले, 'साहेब, तुमच्या जागेवर कोण?' खरे सांगायचे तर मी मनातून सुखावलो. आपल्यावाचून अडणार आहे, ही भावना मोठी गोड असते. चार्ज देताना किल्ल्या, कपाटे, टाइपरायटर, नोंदवह्या, इतकेच काय, एक मोडकी खुर्चीसुद्धा यादीत लिहिली. दोघांच्या सह्या झाल्या. विहिरींची माहिती मात्र त्या यादीत नव्हती, कारण ती मी कोणत्याच वहीत उतरविली नव्हती. त्या उन्हाळ्यात एका तांड्यावर पंधरा दिवस टँकर पोचला नाही. बाया-मुले तीन कोसांवरून पाणी आणीत होती, हे मला पुढे कळले. माझ्या जागेवर आलेले गृहस्थ माझ्याहून हुशार आणि कष्टाळू होते. त्यांचा काही दोष नव्हता. दोष माझा होता, आणि त्याबद्दल मला कोणी जाब विचारला नाही, ही गोष्ट आजही मला टोचते.

म्हणून रहीमसाहेबांची हकीकत आठवली की मला जर्नेलसिंगांचा गोल आठवतो आणि त्यापाठोपाठ तो तांडा आठवतो.

या हकीकतीचा शेवट आपल्याच गावी झाला. रहीमसाहेबांचे चिरंजीव सय्यद शाहिद हकीम हेही फुटबॉलपटू होते. १९६० च्या रोम ऑलिंपिकच्या संघात त्यांची निवड झाली, पण तेथे एकही सामना खेळण्यास मिळाला नाही. प्रशिक्षक वडीलच होते! पुढे ते हवाई दलात स्क्वाड्रन लीडर झाले, आंतरराष्ट्रीय पंच झाले, १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत पी. के. बॅनर्जींचे सहायक प्रशिक्षक होते. २०१७ साली त्यांना ध्यानचंद पुरस्कार मिळाला. २२ ऑगस्ट २०२१ रोजी, वयाच्या ८२ व्या वर्षी, येथे कलबुर्गीच्या एका रुग्णालयात त्यांचे निधन झाले. मी याच शहरात राहतो. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात बातमी वाचली आणि हळहळलो. वडिलांचे घर, त्यांच्या वह्या, त्यांचे शिकविणे, मुलांच्या त्या स्पर्धा, हे सारे ज्याने जवळून पाहिले असा माणूस माझ्याच गावात होता, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. मामा १९९८ मध्येच गेले होते. नाहीतर बातमी त्यांना सांगितली असती. २०२४ साली रहीमसाहेबांवर 'मैदान' हा हिंदी चित्रपट आला. नातवंडांबरोबर मी तो पाहिला. जकार्त्याचा प्रसंग आला तेव्हा नातवाने विचारले, 'आजोबा, हे तुम्हाला आधीच कसे ठाऊक?' मी मामांचे नाव सांगितले.

आपल्याही मंडळांत, वाचनालयांत, गणेशोत्सवांत आता तोच प्रश्न ऐकू येतो. चाळीस वर्षे काम पाहणारे चिटणीस थकले, पुढचा कोण? वार्षिक सभेत नावे सुचविली जातात, खोडली जातात, रुसवेफुगवे होतात. नाव यथाकाल ठरेलच. परंतु त्याआधी थकलेल्या चिटणिसांजवळ एखाद्या तरुणाला चार संध्याकाळ वही घेऊन बसवावे. वर्गणी देणारी जुनी घरे कोणती, दुर्मीळ पुस्तके कोणाकडे वाचावयास गेली आहेत, सभागृहाच्या जागेचा कागद कोणत्या पेटीत आहे, हे त्यांच्याकडून लिहून घ्यावे. ज्या घरांतून त्या काळी मुले हैदराबादला शिकावयास गेली, त्यांच्या माळ्यावर फुटबॉलच्या सामन्यांची जुनी तिकिटे, छायाचित्रे, पत्रे पडलेली असतील, तर तीही उतरवून पाहावीत आणि या बुलेटिनकडे कळवावे. मी माझ्यापुरता आरंभ केला आहे. त्या तालुक्यातील विहिरींची यादी, आठवते तेवढी, गेल्या पावसाळ्यात मी लिहून काढली. तीस वर्षे उशीर झाला आहे. अनेक विहिरी आता बुजल्या असतील. तरी एक प्रत कचेरीत नेऊन दिली आहे, आणि पोच घेतली आहे.